पेस्लिपवरचे ते २०३ पौंड

इंग्लंडमधल्या शाळेत सप्टेंबरला रुजू झालेल्या आपल्या शिक्षकांचा जानेवारीत एक ठरलेला प्रश्न असतो: नोव्हेंबरच्या मानाने पगार तीनशे पौंडांनी का घसरला, पेन्शनची कपात वाढवली का? मग रागाच्या भरात पेन्शनमधून बाहेर पडण्याचा फॉर्म भरला जातो. चूक इथेच होते आणि ती महागात पडते, म्हणून आधी हिशेब मांडू.

२०२५-२६ मध्ये लंडनबाहेर एम१ श्रेणीचा (शिक्षकांच्या वेतनश्रेणीची पहिली पायरी) पगार वर्षाला ३२,९१६ पौंड होता, म्हणजे महिन्याला २,७४३. त्यातून टीचर्स पेन्शनचे (शिक्षकांची सरकारी पेन्शन योजना) ७.४ टक्के, म्हणजे २०३ पौंड जातात. नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याची कपात) १,०४८ च्या वरच्या रकमेवर ८ टक्के, म्हणजे साधारण १३६. इन्कम टॅक्स पेन्शन वजा करून उरलेल्या रकमेवर लागतो, तो साधारण २९८. हातात येतात २,१०६ च्या आसपास. नॅशनल इन्शुरन्स मात्र पूर्ण पगारावर मोजतात, पेन्शनची वजावट तिथे चालत नाही.

आता जानेवारीचं कोडं. इथलं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि १२,५७० पौंडांपर्यंत कर नाही. तुम्ही सप्टेंबरात आलात तर एप्रिलपासूनची न वापरलेली सूट साठलेली असते. टॅक्स कोड १२५७ एल (म्हणजे १२,५७० ची पूर्ण सूट) असेल तर सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर असे तीन महिने कर शून्य, डिसेंबरात दीडशेच्या आसपास आणि जानेवारीपासून पूर्ण २९८. पेन्शनचे २०३ पहिल्या दिवसापासून जातच होते, फक्त तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पहिल्या तीन महिन्यांच्या पगारावर गाडीचा हप्ता ठरवू नका. आणि कोडपुढे एम१ लिहिलेलं दिसलं (हा एम१ पगारश्रेणीचा नव्हे, प्रत्येक महिन्याचा कर सुटा मोजण्याचा), किंवा कोड बीआर (सूट न देता कर) असेल, तर सुरुवातीचा फॉर्म चुकला आहे. त्यात या करवर्षातली पहिलीच नोकरी असल्याची नोंद करायची असते. पेरोलला (शाळेच्या पगार विभागाला) लगेच सांगा.

बाहेर पडण्यामागचा युक्तिवाद सगळीकडे सारखाच: 'आम्ही काय, तीन वर्षं राहणार आणि परत जाणार, इथल्या पेन्शनचं काय करायचं?' महाराष्ट्रात नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांची शंका तर आणखी खोल. डीसीपीएसच्या (जुन्या पेन्शनऐवजी आलेली अंशदायी योजना) दहा टक्क्यांचा हिशेब मागून थकलेला आणि मार्च २०२३ च्या संपात 'जुनी पेन्शन' म्हणून घोषणा दिलेला माणूस कपात म्हटली की दचकणारच. पण गंमत अशी की इथली ही योजना जातीने जुन्या पेन्शनचीच आहे. शेअर बाजाराशी तिचा संबंध नाही, तुमच्या नावाने कुठे गुंतवणूक नाही, फंड निवडायचा नाही. त्या वर्षीच्या पगाराचा ५७ वा भाग तुमच्या नावे वर्षाची पेन्शन म्हणून लिहिला जातो. ३२,९१६ चा ५७ वा भाग ५७७ पौंड. एक वर्ष शिकवलंत की निवृत्तीनंतर दर वर्षी ५७७, तेही आयुष्यभर. नोकरीत असेपर्यंत ही रक्कम दर वर्षी महागाईच्या दरापेक्षा १.६ टक्के जास्त वाढते, नोकरी सोडल्यावर फक्त महागाईइतकी. शेवटच्या पगारावर नाही, प्रत्येक वर्षाच्या पगारावर मोजतात, हा जुन्या पेन्शनपेक्षा एक मोठा फरक.

शाळा भरते ते २८.६८ टक्के, म्हणजे महिन्याला जवळपास ७८७ पौंड. ही रक्कम आणि आपले २०३ मिळवून कोणी 'माझ्या खात्यात हजार पौंड साठतात' असं समजू नका. खातं नाहीच, सरकारचं वचन आहे. पण बाहेर पडलात तर हे ७८७ पगारात मिळत नाहीत. तुमच्या हाती येतात महिन्याला फक्त १६२, कारण २०३ पैकी ४१ तर करात वाचतच होते.

दोन वर्षांची अट नीट समजून घ्या. सेवा दोन वर्षांपेक्षा कमी असताना सोडलंत तर तुम्ही भरलेले पैसे परत मागता येतात, शाळेचा वाटा नाही. परतीच्या रकमेवर २० टक्के कर कापतात. दीड वर्षाचे साधारण ३,६५४ पौंड भरले असतील तर हातात २,९२३ येतात. ओरड सुरू होते की २० टक्के खाल्ले. पण महिन्याचे १६२.४० गुणिले १८ करून पाहा, तेच २,९२३. खिशातून गेलं तेवढंच परत आलं. मग दीड वर्ष आत राहून गमावलं काय? काहीच नाही, उलट तेवढा काळ विमा फुकट होता. नोकरीत असताना काही बरंवाईट झालं तर कुटुंबाला वार्षिक पगाराच्या तिप्पट रक्कम एकरकमी मिळते, एम१ ला ९८,७४८ पौंड. बाहेर पडलेल्याच्या घरच्यांना ही एकरकमी रक्कम मिळत नाही. गावाकडे आईवडील आणि कर्ज असलेल्या माणसाने हा फॉर्म भरण्याआधी दहा वेळा विचार करावा.

दोन वर्षं पूर्ण झाली की परतावा बंद, पेन्शन पक्की. ती ६७ किंवा ६८ व्या वर्षी सुरू होते, तुमच्या जन्मसालाप्रमाणे. लवकर घेता येते, पण कमी होऊन. भारतातल्या पीएफ खात्यात ती वळवता येत नाही, 'करून देतो' म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा. तारखांवर नजर ठेवा: १ सप्टेंबरला रुजू होऊन दोन वर्षांनी ३१ ऑगस्टपर्यंत करार असेल तर दोन वर्षं भरतात. व्हिसा उशिरा आला आणि १५ सप्टेंबरला रुजू झालात, तर त्याच ३१ ऑगस्टला पंधरवडा कमी पडतो. पेन्शन हवी की परतावा, हे राजीनाम्याची तारीख टाकण्याआधी ठरवा.

भरलाच असेल फॉर्म, तर सुरुवातीच्या तीन महिन्यांत भरलेल्याला कपात पगारातून परत मिळते. पुन्हा आत येता येतं, आणि दर तीन वर्षांनी शाळा तुम्हाला आपोआप परत आत घेतेच.

पगारवाढीचा एक खड्डा आहे. टक्केवारी टप्प्याने ठरते आणि ती पूर्ण पगारावर लागते, वरच्या भागावर नाही. २०२५-२६ चा पहिला टप्पा ३४,८७३ पौंडांच्या खाली संपत होता. एम२ चा पगार ३४,८२३, म्हणजे पन्नास पौंडांनी वाचला. एम३ ला ३७,१०१ झाले की दर ७.४ वरून थेट ८.९. पगार २,२७८ ने वाढला, त्यातले ७२५ पेन्शनमध्ये गेले. चूक नाही, नियम आहे, पेरोलशी भांडू नका. अर्धवेळ असाल तर टप्पा तुमच्या प्रत्यक्ष पगारावर ठरतो.

हे सगळं इंग्लंड आणि वेल्सचं; पगारश्रेणी इंग्लंडची, स्कॉटलंडची योजना वेगळी. अकॅडमी शाळांना (सरकारी पैशावर, पण स्थानिक प्रशासनाबाहेर चालणाऱ्या) ही योजना द्यावीच लागते. खाजगी शाळांना सक्ती नाही. २०१९ मध्ये शाळेचा वाटा १६.४८ वरून २३.६८ टक्के झाल्यावर अनेक शाळा बाहेर पडल्या. खाजगी शाळेचं पत्र आलं की पगाराआधी पेन्शनचा परिच्छेद वाचा. तिथे ही योजना नसेल आणि वर्षाला दोन हजार जास्त मिळत असतील तर तो फायदा नाही, तोटा आहे.

डिपेंडंट व्हिसावरचे जोडीदार बहुधा एजन्सीमार्फत बदली शिक्षक म्हणून जातात. तिथे टीचर्स पेन्शन नाही. साधी वर्कप्लेस पेन्शन असते: ६,२४० ते ५०,२७० पौंडांमधल्या कमाईवर तुमचे ५ टक्के, मालकाचे ३. ही मात्र खरोखर तुमच्या नावाची पुंजी, बाजारात गुंतवलेली, २०२८ च्या एप्रिलपासून ५७ वर्षांआधी न मिळणारी. मध्ये अंब्रेला कंपनी (एजन्सीकडून पैसे घेऊन तुमचा पगार काढणारी) असेल तर पेस्लिपवर मालकाचा नॅशनल इन्शुरन्स आणि मालकाची पेन्शनही ठरलेल्या दिवसाच्या दरातूनच वजा दिसते. दिवसाला १७० सांगितले म्हणजे १७० पगार नव्हे.

नॅशनल इन्शुरन्सचे १३६ पौंड वेगळ्या गोष्टीसाठी आहेत: सरकारी पेन्शन, जी सगळ्यांना असते. ते परत मिळत नाहीत. किमान १० वर्षं भरली तर काही मिळतं, ३५ भरली तर पूर्ण, २०२५-२६ मध्ये आठवड्याला २३०.२५ पौंड. भारतात राहायला गेलात की ही रक्कम गोठते, वाढ मिळत नाही. टीचर्स पेन्शन भारतातही वाढत राहते. 'परत गेल्यावर स्वस्तात वर्षं विकत घ्या' हा व्हॉट्सॲपवरचा सल्ला एप्रिल २०२६ पासून शिळा झाला, तो स्वस्त दर परदेशातून बंद झाला.

शेवटी नाव. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं. शाळा एका पद्धतीने लिहिते, करखातं दुसऱ्या. लग्नानंतर आडनाव बदललं तर आणखी एक. पेन्शनच्या वेबसाइटवर खातं उघडा, सेवेची नोंद वर्षातून एकदा उघडून पाहा आणि मध्ये महिना गायब असेल तर पेस्लिप जोडून शाळेच्या पेरोलला लिहा. पेस्लिपांच्या पीडीएफ शाळेच्या ईमेलवर ठेवू नका, नोकरी सुटली की तो ईमेल बंद होतो.