काळ्या कागदावर वेताळ: पांढऱ्या रेषेने गूढ चित्र रेखाटताना

काळा कागद पुढ्यात आला की नवशिक्याचा हात आधी आकृतीची बाह्यरेषा ओढतो, आणि चित्र तिथेच बिघडते. पांढऱ्या कागदावर आपण सावली काढतो. काळ्या कागदावर सावली आधीपासूनच असते, त्यामुळे तिथे फक्त उजेड काढायचा असतो. मी सुरुवातीला काढलेले चेहरे फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसत, कारण डोळ्यांखालच्या काळ्या खाचाही मी सवयीने पांढऱ्या रेषांनी भरत असे.

उदाहरणादाखल सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा एक बुरूज घेऊ: अमावास्येची रात्र, खाली पाणी आणि वर मशाल घेऊन उभा असलेला वेताळ. कागद २०० ते ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन), किंचित खरखरीत असावा. त्याशिवाय पांढरे जेल पेन, पांढरी चारकोल पेन्सिल, पांढरा पोस्टर कलर आणि बारीक ब्रश एवढे पुरते.

काळ्या कागदावर खोडरबर घासला की तिथे चकाकणारा डाग उरतो, म्हणून कच्चे रेखाटन साध्या कागदावर करावे. त्या कागदाच्या मागच्या बाजूला पांढरा खडू घासून तो काळ्या कागदावर ठेवावा आणि वरून टोकदार पेन्सिलीने गिरवावे. खडूची पुसट खूण उमटते, आणि ती नंतर कोरड्या, मऊ ब्रशने झटकता येते.

आता मशाल कुठे आहे ते ठरवावे, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे. ती चित्राच्या उजव्या बाजूला असेल, तर वेताळाची उजवीकडची भुवई, नाकाचा कणा, गालाचे हाड आणि बरगड्यांच्या कडा एवढेच उजळतील. डावा अर्धा चेहरा काढूच नये. पाहणाऱ्याची नजर तो स्वतः पूर्ण करते, आणि भीती तिथेच दाटते. डोळ्यांच्या खोबणी काळ्याच ठेवून उजव्या खोबणीत जेल पेनचा एकच ठिपका द्यावा. दुसरा ठिपका देण्याचा मोह आवरावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बुरुजाच्या दगडांनाही हाच न्याय लावावा. मशालीजवळच्या दगडांच्या उजव्या कडा दाट, आखूड रेषांनी उजळाव्यात, थोडे दूर गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दगडाचा केवळ कोपरा दाखवावा आणि त्यापुढे काहीच काढू नये. रांगोळीची रेघ सलग आणि सारख्या जाडीची शोभते. इथली रेघ मात्र उजेडापासून दूर जाताना विरळ होत तुटली पाहिजे.

पाण्यातील प्रतिबिंबासाठी संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभे राहून दिव्यांकडे नीट पाहावे. प्रत्येक दिव्याचा उजेड पाण्यावर उभ्या पट्ट्यासारखा आपल्या दिशेने उतरतो, पण तो पट्टा लहान लहान आडव्या तुकड्यांचा बनलेला असतो. मशालीच्या बरोबर खाली तसेच आडवे तुकडे काढावेत.

जेल पेनचे काम आधी करून ते पूर्ण वाळू द्यावे आणि मशालीभोवतीचा मंद उजेड मागाहून पेन्सिलीने हलकेच भरावा. क्रम उलटा झाला तर चारकोलची भुकटी पेनच्या टोकात अडकून शाई तुटक येते. निखळ पांढरा रंग ज्योतीच्या गाभ्यापुरताच राखून ठेवावा. पोस्टर कलरचा पहिला हात वाळताना कागदात मुरून फिका पडतो, तेव्हा तो सुकल्यावरच दुसरा द्यावा. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, त्यामुळे रंग डबीतून थोडा थोडाच काढावा आणि तळहाताखाली कोरा कागद ठेवावा. घामट हाताने माझ्या एका चित्रातले सगळे धुके पुसले गेले होते.

चित्राचा फोटो फ्लॅशशिवाय, खिडकीतून तिरप्या येणाऱ्या उजेडात घ्यावा. कॅमेरा काळा कागद उजळवून राखाडी दाखवतो, म्हणून काळा पुन्हा काळा दिसेपर्यंत एक्स्पोजर कमी करावे.