हिडकलच्या पाण्यात जुन्या स्पीडबोटीचा वेग

गोव्याहून आणलेली जुनी आउटबोर्ड (मागच्या बाजूला बाहेरून इंजिन टांगलेली) बोट बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणात मंद वाटली, तर लगेच इंजिन खोलू नका. इथली उंची सुमारे साडेसहाशे मीटर; विरळ हवेत ताकद सहा-सात टक्के घटते. आधी तळातलं पाणी उपसा, मग फुल थ्रॉटलला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) बघा. आमच्या इंजिनाला 5000 ते 6000 हवेत, मिळत होते 4900. 19 पिचचा पंखा काढून 17 चा लावला; पिच म्हणजे पंखा एका फेरीत तत्त्वतः जितके इंच पुढे सरकतो ते अंतर. पिच इंचभर कमी केला की साधारण 150-200 आरपीएम वाढतात. आता 5200 सहज ओलांडतं. पात्याच्या कडेचा नखाएवढा टवकासुद्धा वेग खातो, तो भरून घ्याच. शेवटी पाण्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून इंजिन ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर, बोल्टचं एक भोक वर घेतलं. वळणावर पंखा हवा ओढू लागला किंवा थंडाव्याच्या पाण्याची पिचकारी बारीक झाली, तर ताबडतोब खाली आणा.