समुद्रावर जाताना विणकामाच्या सुया-दोरा कसा न्यावा

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाहून समुद्र गाठायचा म्हणजे वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेसची एक अख्खी रात्र, मग मुंबई, मग गेटवेहून मांडव्याची बोट आणि पुढे अलिबाग. कपाशीची पहिली वेचणी आटोपली की दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस मोकळे मिळतात, तेवढ्यातच जाणं होतं. निघताना सासूबाई म्हणाल्या, "काऊन वो, तिथंही सुयाच घेऊन बसशील काय?" मी बसलेच. तीन खेपांत काय जमतं आणि काय नाही ते कळलं, ते सांगते.

पहिली गोष्ट, लोकरीचं अर्धवट स्वेटर नेऊ नका. मी नेलं होतं. दमट हवेत तळहाताला घाम सुटतो, लोकर सुईवर सरकत नाही आणि मांडीवर ते ओझं नकोसं होतं. वाळू तर टाक्याटाक्यांत जाऊन बसते. समुद्रावर सुती दोराच न्यावा. तो घाम पितो, धुतला की वाळू सोडतो. सूत लोकरीसारखं ताणत नाही, त्यामुळे मनगट लवकर दुखतं. अर्ध्या तासानं सुया खाली ठेवा आणि हात मोकळे करा.

विणायला काय घ्यावं? ज्यात टाके मोजावे लागत नाहीत ते. लेकरं लाटेत असली की नजर त्यांच्यावरच हवी, सुईवर नाही. मी ताटं पुसायचा चौकोनी रुमाल घेते. ८ नंबरच्या सुया, म्हणजे ४ मिलिमीटरच्या, आणि ५० ग्रॅम सुती दोरा. ४ टाके घालून एक ओळ सुलट विणा. पुढे प्रत्येक ओळीत २ सुलट, मग दोरा पुढून सुईवर घेऊन एक जाळी, बाकी सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो. ४४ टाके झाले की उतरायचं: १ सुलट, २ टाके एकत्र, जाळी, परत २ एकत्र, बाकी सुलट. ४ उरले की बंद. उलटा टाका कुठंच नाही. मध्येच "आई, शिंपला बघ" झालं तरी ओळ चुकत नाही, जाळी बघितली की कुठं होतो ते कळतं.

सुयांच्या टोकांना खोडरबराचे तुकडे लावा, नाहीतर पिशवीतून पार निघतात. गुंडा चेनवाल्या प्लास्टिक पाऊचमध्ये ठेवून दोरा एका कोपऱ्यातून काढा. सुटलेला टाका उचलायला क्रोशाची एक सुई आणि दोन सेफ्टी पिना पुरेत.

आता दुकान. अलिबागसारख्या गावात "लोकर" अशी पाटी शोधत फिरू नका. शिंप्याला विचारा, "लेस, बटणं, अस्तर कुठून आणता?" तो सांगेल त्याच दुकानात मागच्या फळीवर लोकर आणि क्रोशाचा दोरा निघतो. दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात, म्हणून सकाळीच जा. मी ओहोटीची वेळ विचारून ठेवते. ओहोटीला अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, तेव्हा बाकीचे किल्ल्यावर आणि मी दुकानात. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, काल आठची होती तर आज नऊच्या आसपास धरा. एका तासात परत यायचं, हे मी स्वतःशी ठरवलेलं आहे. सहल सगळ्यांची आहे.

दुकानात सर्वात महत्त्वाचं म्हणजे लेबलावरचा लॉट नंबर, म्हणजे लोकर रंगवायच्या कोणत्या खेपेतली आहे तो आकडा. एकाच रंगाच्या, एकाच छटा क्रमांकाच्या दोन गुंड्यांचा लॉट वेगळा असेल तर रंगात किंचित फरक पडतो. ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही, विणल्यावर दिसतो. माझ्या मुलाच्या स्वेटरच्या पाठीवर असा पट्टा आला. दुकानदार म्हणाला होता, "एकच आहे ताई," आणि मी लेबल पाहिलंच नाही. तेव्हापासून गुंडे दारात, उन्हात नेऊन बघते आणि लागतो त्यापेक्षा एक जास्त घेते. परत यायला ते दुकान आपल्या गावात थोडंच आहे! लेबलही जपून ठेवा.

आणि काय विणायचं ते ठरवूनच लोकर घ्या. मागच्या वर्षी मी गडद हिरवी घेतली, यांच्या मफलरसाठी. रब्बीत पंपाची लाइन रात्रीच येते, गव्हाच्या ओलिताला जावंच लागतं, आणि पहाटेच्या बांधावरचा गारठा साध्या उपरण्यानं थांबत नाही. ३६ टाके, १ सुलट १ उलट, ८ नंबरचीच सुई. परतीच्या गाडीत बडनेऱ्याला उजाडलं तेव्हा सुरू केलं, वर्ध्याला उतरेस्तोवर चार बोटं झालं होतं.