कॅलिफोर्नियाच्या ५८ काउंट्या रेडिओवर कशा गाठाव्यात

२०२० च्या जनगणनेत लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या १ कोटीच्या वर गेली, तर सिएरा नेवाडाच्या डोंगरांतल्या अल्पाइन काउंटीत १,२०४ माणसे मोजली गेली. हौशी रेडिओच्या लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) मात्र दोघींचे वजन सारखेच. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. कॅलिफोर्नियात असे ५८ आहेत आणि प्रत्येकातल्या किमान एका हॅमशी, म्हणजे हौशी रेडिओचालकाशी, संपर्क साधणे हे या छंदातले फार सुंदर ध्येय आहे. अल्पाइनसारख्या ठिकाणाहून कोण, कधी बोलणार हे आधीच हेरून ठेवणे, हाच त्यातला खरा अभ्यास.

१. परवाना. भारतात दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी एफसीसी या तिथल्या दूरसंचार नियामक संस्थेची परीक्षा द्यावी. त्यासाठी तिथले नागरिकत्व लागत नाही. पहिल्या, टेक्निशियन वर्गावर थांबू नका. २० मीटर बँडवर (रेडिओ लहरींच्या ठरावीक पट्ट्यावर) बोलायचे तर जनरल वर्ग हवाच.

२. मुहूर्त. ऑक्टोबरच्या पहिल्या पूर्ण शनिवार-रविवारी नॉर्दर्न कॅलिफोर्निया कॉन्टेस्ट क्लब ‘कॅलिफोर्निया क्यूएसओ पार्टी’ ही स्पर्धा भरवतो (क्यूएसओ म्हणजे दोन स्टेशनांमधला संपर्क). शनिवारी १६०० यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेनुसार) सुरुवात, रविवारी २२०० ला शेवट: एकूण ३० तास. आपल्याकडे तेव्हा शनिवारी रात्रीचे साडेनऊ ते सोमवारी पहाटेचे साडेतीन. एरवी महिनोन्महिने गप्प असलेल्या काउंट्या या दोन दिवसांत ऐकू येतात. हॅम मंडळी तंबू, जनरेटर आणि तारेच्या अँटेना घेऊन मुद्दाम ओसाड भागात जाऊन बसतात. कोण कुठे जाणार याची यादी आयोजक आधी जाहीर करतात. ती छापून घ्या आणि अल्पाइन, सिएरा, मोडॉक, ट्रिनिटी यांच्यापुढे खूण करा. सँटा क्लारा किंवा लॉस एंजेलिसची चिंता नको, ती तुम्हाला शोधत येतील.

३. संक्षेप पाठ करा. प्रत्येक काउंटीला चार अक्षरे ठरलेली आहेत. एसबीईएन म्हणजे सॅन बेनिटो, एसबीईआर म्हणजे सॅन बर्नार्डिनो आणि एसबीएआर म्हणजे सँटा बार्बरा. मोर्समध्ये, त्यातही सिग्नल मंद असताना, ही तीन नावे एकमेकांत मिसळायला वेळ लागत नाही. शंका आली तर लगेच पुन्हा विचारा, समोरच्याला त्यात काही वावगे वाटत नाही. एन१एमएम लॉगरसारखे मोफत सॉफ्टवेअर कोणती काउंटी उरली ते दाखवत राहते.

४. देवाणघेवाण. इथे सिग्नलचा रिपोर्ट द्यायचा नसतो. कॅलिफोर्नियाचे स्टेशन आपल्या संपर्काचा अनुक्रमांक आणि काउंटी सांगते. तुम्ही अनुक्रमांक आणि राज्य सांगायचे, भारतातून बोलत असाल तर राज्याऐवजी ‘डीएक्स’, म्हणजे दूरदेशीचे स्टेशन. आवाजी संपर्काला २ गुण, मोर्सला ३. गाडीतून फिरणारी स्टेशने काउंटी बदलली की पुन्हा नव्याने मोजली जातात, म्हणून त्यांच्या मागावर राहा. काही जण नेमके हद्दीवर गाडी लावतात आणि एका संपर्कात दोन काउंट्या देऊन जातात!

५. बँड निवडताना अंतर पाहा. न्यूयॉर्क किंवा शिकागोहून २०, १५ आणि १० मीटर उत्तम. पण तुम्ही बे एरियात असाल, आणि तिथे मराठी हॅमना तोटा नाही, तर उलटेच घडते. २० मीटरवरचा सिग्नल आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून) परततो तेव्हा शेजारच्या काउंट्या ओलांडून फार पुढे उतरतो. सँटा क्लाराहून बॉस्टन खणखणीत ऐकू येते आणि सॅन बेनिटो गायब असते. जवळच्यांसाठी दिवसा ४० मीटर, अंधार पडल्यावर ८० मीटर लावा. अँटेना फार उंच नसली तरी चालते. कमी उंचीवरच्या तारेतून बरीचशी ऊर्जा सरळ वर जाते आणि आसपासच उतरते.

पुण्या-मुंबईहून ही वाट अवघड आहे. कॅलिफोर्नियाकडे जाणारा सर्वांत जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाजवळून जातो आणि भूचुंबकीय वादळ असेल तर तो बंदच होतो. दिशादर्शी अँटेना आणि मोर्स असतील तर आशा ठेवावी. पण एका शनिवार-रविवारी ५८ चा हट्ट धरू नये, वर्षानुवर्षे जमवत जावे.

६. उरलेल्या काउंट्या. काउंटी गोळा करणारे हॅम वर्षभर १४.३३६ मेगाहर्ट्झवर आवाजात आणि १४.०५६५ वर मोर्समध्ये भेटतात. प्रवासाला निघालेले सदस्य तिथे आपला मार्ग सांगतात. इथे जमवलेल्या काउंट्या ‘यूएसए-सीए’ या मोठ्या पुरस्कारालाही उपयोगी पडतात. त्याचे पहिले प्रमाणपत्र ५०० काउंट्यांना मिळते आणि शेवटचा टप्पा संपूर्ण अमेरिकेतल्या ३,०७७ चा.

७. पुरावा. स्पर्धेच्या निकालासाठी कॅब्रिलो या ठरावीक फाइल-स्वरूपातला लॉग मुदतीत पाठवला की पुरते. कायमच्या प्रमाणपत्रासाठी पुष्टी जमवावी लागते, आणि तिथे एक गोष्ट काटेकोरपणे पाळा: कॉल साइनच्या (परवान्यावरच्या संकेतनावाच्या) नोंदीतल्या पत्त्यावरून काउंटी ठरवू नका. घर सॅक्रामेंटोत असलेला माणूस त्या दिवशी मोडॉकमध्ये असू शकतो. त्याने हवेत सांगितलेली काउंटी त्याच क्षणी लॉगमध्ये लिहा. क्यूएसएल कार्ड, म्हणजे संपर्क झाल्याची पुष्टी देणारे पत्र, मागताना तारीख, यूटीसी वेळ, बँड, मोड (आवाज की मोर्स) यांच्यासोबत तिचेही नाव द्या आणि कार्डावर तीच छापून किंवा लिहून येईल अशी विनंती करा. परतीचे टपाल तुमच्याकडून असावे. ज्याने तुमच्यासाठी डोंगरात रात्र काढली, त्याला कार्डाचाही खर्च पडू नये.