हॅमस्टरच्या पेटीतली ओल कशी आवरायची

काचेची पेटी, जाळीचं झाकण, पाण्याची बाटली तुमच्याकडे आहे असं धरतो. पेटी कूलरच्या झोतात नको, एवढं कळलं तरी जागेचा प्रश्न सुटला.

स्वस्तातले ह्युमिडिटी मीटर (हवेतली ओल मोजणारे) बिनधास्त खोटं बोलतात, म्हणून आधी मीटर तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा, विरघळू देऊ नका. हे झाकण आणि मीटर हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा 75 हवा. 68 दिसला तर पुढे दरवेळी 7 मिळवा. हॅमस्टरला 40 ते 60 टक्के मानवतं.

बिछाना कोऱ्या कागदाच्या कपट्यांचा, निदान 15 सेंमी. आपल्याकडे घरोघरी कापूस, त्यामुळे ‘ओल शोषायला कापूस टाका’ असं सांगणारे पायलीचे पन्नास भेटतात. अजिबात टाकू नका. तंतू पायाला गुंडाळतात, पोटात गेले तर आतडं अडतं.

आता खरी डोकेदुखी. मीटर 50 दाखवतं, बिछाना वरून कोरडा ठणठणीत, आणि तळाशी लगदा! मीटरला हवेतली ओल कळते, तळातली नाही. हे प्रकरण मलाही फार उशिरा उमगलं. हॅमस्टर बहुधा ठरलेल्या कोपऱ्यातच मुततो. रोज त्या कोपऱ्यात बोट थेट तळापर्यंत घाला. कागद बोटाला चिकटला किंवा नाकाला झोंबणारा वास आला, तर तेवढाच भाग काढून कोरडा भरा. वास वरपर्यंत येण्याची वाट पाहू नका. तो जीव खाली त्या वासातच झोपतो. आठवड्याला अख्खी पेटी धुवायचा सल्लाही कानाआड करा. स्वतःचा वास गेला की हॅमस्टर बिथरतो आणि जिथे तिथे मुतायला लागतो.

काकडी नखाएवढीच द्या. उरलेली तो गालात भरून बिळात नेतो, तिथे बुरशी धरते. बाटलीच्या नळीखाली कवेलूचा (कौलाचा) तुकडा ठेवा. सकाळी त्यावर काळपट डाग दिसला की समजा, बाटली गळते.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, बर्फाची बाटली पेटीला बाहेरून टेकवा. आत ठेवली तर तिचं पाणी सुटून बिछाना भिजतो. कूलर खिडकीत आणि समोरचं दार उघडं, नाहीतर खोलीच दमट होते. पाऊस लागला की कूलरची पाण्याची मोटर बंद, नुसता पंखा चालू. सिलिका जेलच्या पुड्या आत नकोत, कुरतडतो. बल्ब लावून पेटी वाळवणं हा तर शुद्ध वेडेपणा.

शेपटीखाली ओलं दिसलं तर मात्र बिछान्याला दोष देत बसू नका. ते बहुतेकदा जुलाब असतात, आणि एवढासा जीव दोन दिवसांतही जातो. तालुक्याच्या दवाखान्यात बैल-बकऱ्यांचीच गर्दी, म्हणून हॅमस्टर बघतात का ते आधी फोन करून विचारा. जमत नसेल तर त्याच दिवशी नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय गाठा. पेनिसिलिन गटातली औषधं हॅमस्टरला घातक ठरतात, हे डॉक्टरांना आठवून द्यायला लाजू नका.