अपडेटनंतर जुना प्रोग्राम पडतोय? आधी या चुका टाळा

दसरा झाला की लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनच्या पोत्यांना जागा पुरत नाही. ऑक्टोबर 2023 मधल्या अशाच एका दुपारी मामांचा फोन आला. "पट्टी निघंना गेलीय बघ. मशीनला काय केलास?"

केलं मीच होतं. आदल्या रात्री मामांच्या आडतीवरच्या कॉम्प्युटरमधला उबंटू (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टीम) 18.04 वरून 20.04 वर नेला होता, कारण 18.04 चा पाच वर्षांचा सपोर्ट त्याच वर्षी मे महिन्यात संपला होता. पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या कागदाचा, प्रोग्रामही माझाच. 2018 साली कॉलेजात असताना सी भाषेत लिहिलेला. वजन, भाव, हमाली, तोलाई टाकायची, संध्याकाळी सगळ्या पट्ट्या डॉट मॅट्रिक्सवर एकदम छापायच्या. पाच वर्षं बिनबोभाट चालला आणि आता मध्येच मरत होता. मरताना एवढंच सांगायचा : "फ्री(): डबल फ्री डिटेक्टेड इन टीकॅश 2". म्हणजे एकदा मोकळी केलेली मेमरी दुसऱ्यांदा मोकळी होतेय.

ऐन हंगामात अपग्रेड करू नये, हे वेगळं सांगायला नको. ते काम मृगाच्या पेरणीच्या दिवसांत, मोंढा ओस असतो तेव्हाचं. पुढच्या चुका मात्र सावकाश बघू.

दोन वेगळी दुखणी एकच समजणं

प्रोग्राम सुरूच होत नाही, हे एक दुखणं. सुरू होऊन चालता चालता पडतो, हे दुसरं. पहिल्यात बहुतेकदा एखादी लायब्ररी (प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडची फाइल) जागेवर नसते. एलडीडी ही कमांड प्रोग्रामच्या फाइलवर चालवा, जी सापडत नाही तिच्यापुढे 'नॉट फाउंड' येतं. उबंटू 22.04 वर गेलेल्यांना हे ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमुळे भेटतं. तिथे 3.0 आवृत्ती आहे आणि जुना प्रोग्राम 1.1 ची फाइल मागत असतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे नव्या फाइलला जुन्या नावाची लिंक करून देणं. फाइलच्या नावातला तो आकडा शोभेला नसतो. आतली रचना जुन्याशी जुळत नाही, हे सांगायलाच तो बदललेला असतो. लिंक केल्यावर एक तर सुरुवातीलाच दुसरी तक्रार येते, नाहीतर प्रोग्राम सुरू होतो आणि भलत्याच ठिकाणी पडतो. म्हणजे पहिलं दुखणं आपल्या हातानं दुसरं करून घ्यायचं.

याहून वाईट म्हणजे जुन्या मशीनवरची जीलिबसी, म्हणजे सी ची मूळ लायब्ररी, उचलून नव्या सिस्टीमवर चिकटवणं. जवळपास प्रत्येक कमांड याच लायब्ररीवर उभी असते. एकदा बिघडली की साधी फाइलींची यादीसुद्धा निघत नाही आणि पेन ड्राइव्हवरून बूट करत बसावं लागतं.

'अपडेटनं वाट लावली' म्हणून मागे फिरणं

मी हेच केलं. प्रोग्रामचं एक अक्षर बदललेलं नाही, मग दोष अपडेटचाच, असा सरळ हिशोब. 18.04 परत टाकायची तयारीही केली होती.

खरा प्रकार असा. जीलिबसीच्या 2.26 आवृत्तीत, 2017 मध्ये, टीकॅश आलं. मोकळ्या झालेल्या मेमरीचे तुकडे हाताशी ठेवायचे आणि मागणी आली की झटकन द्यायचे, एवढंच त्याचं काम. वेगाच्या नादात एक तपासणी राहून गेली. एकच तुकडा लागोपाठ दोनदा मोकळा केला तरी टीकॅश काही बोलायचं नाही. 2019 च्या 2.29 मध्ये ती तपासणी आली. उबंटू 18.04 मध्ये 2.27 आहे आणि 20.04 मध्ये 2.31. माझा प्रोग्राम नेमका त्या गाफील काळात जन्मला होता. चूक पहिल्या दिवसापासून माझीच होती, फक्त विचारणारं कोणी नव्हतं.

आणि ती चूक गप्पही बसली नव्हती. एकच तुकडा दोनदा मोकळा झाला की टीकॅशच्या यादीत त्याची दोनदा नोंद होते. पुढच्या दोन मागण्यांना मग तोच तुकडा मिळतो. माझ्याकडे पट्टी रद्द केली की शेतकऱ्याच्या नावाची मेमरी मोकळी व्हायची आणि लगेच 'नवीन पट्टी' दाबलं की तीच पुन्हा. त्यानंतरची दोन नावं एकाच जागी बसायची, दुसरं पहिल्याला खोडायचं. नावं इंग्रजी अक्षरांत होती. 64 बिटच्या मशीनवर 23 अक्षरांपर्यंतची नावं एकाच मापाच्या खणात पडतात, त्याहून लांब नाव पुढच्या खणात जातं. म्हणून हे रोज व्हायचं नाही. वर्षात चार-दोनदा एकाच्या पट्टीवर दुसऱ्याचं नाव यायचं. त्याचा दोष आम्ही सगळे मुनीमजींच्या टायपिंगला देत होतो, मीही त्यातलाच.

अशा गोष्टी मोठमोठ्यांकडेही झाल्या आहेत. 2010 मध्ये फेडोरा 14 या दुसऱ्या लिनक्सवर ब्राउझरमधल्या फ्लॅश प्लेयरचा आवाज खरखरायला लागला. जीलिबसीनं मेमरी कॉपी करायची दिशा बदलली होती आणि फ्लॅश एकमेकांवर चढलेल्या जागा 'मेमकॉपी' या कॉपी करणाऱ्या फंक्शननं हलवत होता. सी च्या नियमांत ते बसत नाही. त्या वादात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सही उतरले. वापरणाऱ्याचं चालतं काम बंद पडल्यावर नियमाकडे बोट दाखवून भागत नाही, असा त्यांचा रोख होता. शेवटी 2.14 मध्ये आधीच कंपाइल झालेल्या जुन्या प्रोग्रामांसाठी जुनी वागणूक राखून ठेवली गेली. मोंढ्यातल्या पट्टीसाठी एवढी सोय कोण करणार?

अंदाजानं ओळी खोडत बसणं

दुपारभर मी जागोजागी प्रिंटच्या ओळी घालत होतो. वाया गेलेला वेळ. प्रोग्राम पडतो ती जागा आणि चूक असते ती जागा क्वचितच एक असते.

आधी एपीटीच्या (उबंटूत पॅकेज बसवणारं टूल) लॉगमधली हिस्ट्री फाइल वाचा, कोणतं पॅकेज कुठून कुठे गेलं ते त्यात तारखेसह असतं. मग कोड डिबगच्या खुणांसह कंपाइल करा आणि व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या टूलखाली चालवा. हळू चालतं, धीर धरा. डबल फ्री असेल तर ते तीन जागा ओळ क्रमांकासह दाखवतं. आता कुठे मोकळी केली, आधी कुठे केली होती, आणि मुळात मागितली कुठे होती. माझं उत्तर पाच मिनिटांत समोर होतं. नुसता सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीत भलत्या जागी हात घातल्याची तक्रार) येत असेल तर जीडीबी या डिबगरमध्ये चालवून बॅकट्रेस घ्या. तो कोणतं फंक्शन कुणी बोलावलं ते उलट्या क्रमानं सांगतो.

कंपायलरच्या वॉर्निंग गिळणं

हेडर (फंक्शनची ओळख सांगणारी फाइल) न घालता फंक्शन वापरलं की जुना कंपायलर कुरकुर करून पुढे जायचा. ते फंक्शन 'इंट', म्हणजे 32 बिटचा पूर्णांक, देतं असं धरायचा आणि 64 बिटचा पत्ता 32 बिटमध्ये कापायचा. पत्ता लहान असेपर्यंत काही कळत नसे. उबंटू 16.10 पासून प्रोग्राम कुठल्याही जागी लोड होण्यासारखे बांधले जाऊ लागले, पत्ते मोठे झाले आणि तोच कोड नव्यानं कंपाइल केल्यावर पडू लागला. 2024 च्या जीसीसी 14 या कंपायलरनं तर अशा कोडला सरळ एरर ठरवलं.

पायथॉनवाल्यांचं थोडक्यात : सिस्टीमचं पायथॉन 3.8 वरून 3.10 वर गेलं की जुन्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटची (प्रोग्रामची पॅकेजं ठेवायची वेगळी जागा) डागडुजी करत बसू नका, नव्यानं बनवा. त्यासाठी पॅकेजांची यादी आवृत्त्यांसह आधीच लिहून ठेवलेली हवी.

हंगाम अंगावर असेल तर जुन्या उबंटूच्या डॉकर कंटेनरमध्ये (नव्या सिस्टीमच्या आत जुन्या लायब्ररींसह बंदिस्त जागा) प्रोग्राम चालवून आठवडा काढता येतो, त्यात कमीपणा नाही. पण माझ्या बाबतीत ते केलं असतं तर नावांची अदलाबदल चालूच राहिली असती.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. मेमरी मोकळी केली की तिचा पत्ता धरणारा पॉइंटर नल, म्हणजे रिकामा, करायचा. नल पुन्हा मोकळा केला तरी काही होत नाही. संध्याकाळी सातला पट्ट्या सुरू झाल्या. मुनीमजींना मी सगळं समजावून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. तरी आजही ते प्रत्येक पट्टीवरचं नाव मोठ्यानं वाचतात आणि मगच कागद फाडतात.