सांडपाण्यातून साथीची पूर्वसूचना : विद्यापीठाने आधी करावयाची तयारी

सांडपाण्याचा पहिला नमुना घेण्यापूर्वी एका प्रश्नाचे लेखी उत्तर तयार असावे : एखाद्या वसतिगृहाच्या नमुन्यात बाधितांच्या विष्ठेतून आलेला विषाणूचा अंश आढळला, तर त्याच दिवशी कोणी काय करायचे? ऑगस्ट २०२० मध्ये ॲरिझोना विद्यापीठातील लाइकिन्स हॉल या वसतिगृहाच्या सांडपाण्यात कोरोना विषाणूचा अंश सापडला, तेथील ३११ जणांची चाचणी झाली आणि लक्षणे नसलेले दोन बाधित विद्यार्थी वेळीच सापडले. चाचणीची सोय हाताशी नसती, तर तो अहवाल कागदावरच राहिला असता. म्हणून आरोग्य केंद्र, वसतिगृहप्रमुख आणि प्रयोगशाळा यांच्यातील निरोपाची साखळी, चाचणी संच, विलगीकरणाच्या खोल्या आणि तेथील जेवणाची व्यवस्था हे सारे आधी ठरवावे, उपकरणांची खरेदी नंतर करावी.

त्यानंतरचे काम मलवाहिन्यांच्या नकाशाचे. नकाशा हाती आला तरी त्यावर विसंबू नये. नवी इमारत जुन्या वाहिनीला नेमकी कोठे जोडली, हे पुष्कळदा देखभाल विभागातील जुन्या कर्मचाऱ्यांनाच ठाऊक असते, तेव्हा त्यांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे. शौचालयात निरुपद्रवी रंग सोडून तो कोणत्या चेंबरमध्ये उतरतो हे पाहिले की शंका उरत नाही. निवडलेल्या चेंबरमध्ये शक्यतो एकाच वसतिगृहाचे पाणी यावे. पावसाचे किंवा भोजनगृहाचे पाणी तेथे मिसळत असेल, तर दुसरी जागा शोधावी. मैला जेथे दीर्घकाळ साचतो अशी सेप्टिक टाकी या कामाला उपयोगाची नाही, कारण आजचा अंश आणि जुना अंश तेथे वेगळा ओळखता येत नाही.

एकदाच बुडवून भरलेली बाटली त्या क्षणापुरतेच सांगते आणि बाधित व्यक्तीने शौचालय वापरले ती वेळ सहज हुकते. त्यामुळे २४ तासांत ठरावीक अंतराने थोडे थोडे पाणी ओढून घेणारे स्वयंचलित यंत्र उत्तम. ते परवडत नसेल, तर वाहिनीत दोरीने बांधून सोडलेला गॉझचा बोळा, म्हणजे मूर स्वॅब, वापरावा. इंग्लंडमध्ये १९४० च्या दशकात पॅराटायफॉइड या विषमज्वरासारख्या आजाराच्या वाहकांचा, म्हणजे लक्षणे नसताना जंतू पसरवणाऱ्यांचा, माग याच पद्धतीने काढला गेला. विषाणू आहे की नाही हे त्यातून कळते, प्रमाण मात्र विश्वासाने सांगता येत नाही. नमुना बर्फात, सुमारे ४ अंश सेल्सिअसला ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा. नमुना घेणाऱ्यांना हातमोजे, चेहऱ्यावरचे आवरण आणि आवश्यक लसी मिळाल्याच पाहिजेत, आणि विषारी वायूचा धोका लक्षात घेता कोणालाही कोणत्याही कारणाने चेंबरमध्ये उतरवू नये. या अटीला अपवाद असता कामा नये.

प्रयोगशाळेशी करार करताना नमुना मिळाल्यापासून अहवाल येईपर्यंतचा कालावधी लेखी घ्यावा. आठवड्याने आलेली सूचना ही पूर्वसूचना नव्हे. विषाणूचा जनुकीय अंश ओळखणाऱ्या पीसीआर चाचणीबरोबरच पेपर माइल्ड मॉटल या मिरचीवर्गीय पिकांवरील विषाणूचे प्रमाणही मोजून घ्यावे. तो आहारातून माणसाच्या विष्ठेत येत असल्याने नमुन्यात मानवी मैला किती आणि पाणी किती, याचा अंदाज त्यावरून येतो.

बरे झालेल्या विद्यार्थ्याच्या विष्ठेतही कोरोना विषाणूचा अंश काही आठवडे आढळू शकतो. त्यासाठी कोणत्या वसतिगृहात नुकतेच बरे झालेले किती जण आहेत, हा आकडा, नावांशिवाय, आरोग्य केंद्राकडून नियमित मिळावा. अन्यथा जुन्या संसर्गामुळे पुन्हा पुन्हा धावपळ होईल. मोजकेच विद्यार्थी राहत असलेल्या इमारतीचा निकाल स्वतंत्रपणे जाहीर करू नये, कारण तेथे बोट थेट व्यक्तीकडे वळते. काय तपासले जाईल, काय तपासले जाणार नाही आणि माहिती कोणाच्या हाती राहील, हे विद्यार्थ्यांना सत्र सुरू होण्यापूर्वीच कळवावे. अमली पदार्थांची तपासणी होणार नाही, हे त्या सूचनेत स्पष्टपणे लिहावे आणि ते काटेकोरपणे पाळावे.